शंभरातले सोळा

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत नव्याने नाव घालणाऱ्या शंभर विद्यार्थ्यांना पुढे काय करायचंय असं विचारलं, तर साधारण ऐंशी जण सांगतात : इथली दोन वर्षं झाली की विद्यापीठात जायचं आणि बॅचलर पदवी घ्यायची. सहा वर्षांनी त्याच शंभर जणांकडे पाहिलं, तर विद्यापीठापर्यंत पोचलेले भरतात एकतृतीयांशाच्या आसपास आणि हातात पदवी असलेले सोळा. कोलंबिया विद्यापीठातलं कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्र, अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूट आणि नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊस या संस्था मिळून हा हिशेब काढतात. २०१६च्या अहवालात हा आकडा चौदा होता, २०२४च्या अहवालात सोळा. गरीब घरांतल्या मुलांचा वेगळा हिशेब केला तर शंभरातले अकरा, कृष्णवर्णीय मुलांचा केला तर नऊ.

ऐंशी जणांनी धरलेली वाट सोळांनाच का पार करता येते, हा अमेरिकी उच्चशिक्षणातला जुना आणि अजून न सुटलेला प्रश्न आहे. मुलंच कच्ची असतात, हे त्याचं सर्वांत सोपं उत्तर. पण गेल्या साठ-सत्तर वर्षांत जमा झालेला पुरावा नीट लावून पाहिला, तर बोट मुलांकडे जात नाही. ते जातं दोन संस्थांमधल्या मोकळ्या जागेकडे, जिची जबाबदारी दोघींपैकी कुणीच घेतलेली नाही.

दोन वर्षं इथे, दोन वर्षं तिथे

अमेरिकेतली बॅचलर पदवी चार वर्षांची. पहिल्या दोन वर्षांत भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र असे सर्वसाधारण विषय आणि मुख्य विषयाचा पाया. उरलेल्या दोन वर्षांत मुख्य विषय, ज्याला तिथे मेजर म्हणतात. यातली पहिली दोन वर्षं गावातल्या कम्युनिटी कॉलेजात काढायची, साधारण साठ क्रेडिट जमवायची आणि तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात दाखल व्हायचं, याला ट्रान्सफर म्हणतात. शेवटी पदवी मिळते ती विद्यापीठाचीच, चारही वर्षं तिथे काढलेल्या मुलाला मिळते तशीच.

आपल्याकडे दहावीनंतर डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणारी मुलं घरोघरी आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला ही वाट ओळखीची वाटेल. फरक मात्र मोठा आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक तंत्रनिकेतनांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा राज्य तंत्रशिक्षण मंडळ ठरवतं आणि थेट दुसऱ्या वर्षाचे प्रवेश केंद्रीय फेऱ्यांतून होतात. मूल साताऱ्यातून आलं काय किंवा अकोल्यातून, त्याने काय शिकलंय हे पुढच्या कॉलेजाला ठाऊक असतं. अमेरिकेत असं एक मंडळ नाही. सुमारे हजार कम्युनिटी कॉलेजं आणि त्याहून अधिक विद्यापीठं-महाविद्यालयं आपापले अभ्यासक्रम ठरवतात. कुणाचा कुठला विषय कुणाकडे कसा मोजला जाईल, हे बऱ्याच ठिकाणी त्या दोन संस्थांच्या आपसातल्या करारावर अवलंबून असतं, आणि असा करार प्रत्येक जोडीत असेलच असंही नाही.

तरीही मुलं ही वाट धरतात, कारण सुरुवात कुणालाही करता येते. प्रवेशपरीक्षा नाही, टक्केवारीची अट नाही, वयाची मर्यादा नाही. कॅलिफोर्नियात तिथल्या रहिवाशांना एका युनिटला (तिथे क्रेडिटला युनिट म्हणतात) ४६ डॉलर फी पडते आणि हा दर २०१२पासून वाढलेला नाही. साठ युनिटांची फी झाली २,७६० डॉलर. कॅलिफोर्निया विद्यापीठात एकाच वर्षाची फी त्याच्या पाचपट तरी होते. दिवसा काम करून संध्याकाळी शिकणारे, घरी लहान मूल असलेले, नुकतेच देशात आलेले, सैन्यातून परतलेले, अशा सगळ्यांना सामावून घेणारी दुसरी जागा त्या देशात नाही.

एका कल्पनेची दोन टोकं

या व्यवस्थेतली ओढाताण तिच्या जन्मापासूनची आहे. १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी पहिलं सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज सुरू झालं. गावातल्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या विचारातून ते उभं राहिलं, आणि पहिल्या तुकडीत विद्यार्थी होते सहा. ब्राउन यांना गावातल्या मुलांना घर न सोडता कॉलेजचं शिक्षण द्यायचं होतं. हार्पर यांना पहिल्या दोन वर्षांचं शिक्षण विद्यापीठाच्या अंगावरून उतरवून तिथे वरचं शिक्षण आणि संशोधन करायचं होतं. एकाला मुलं कॉलेजात आणायची होती, दुसऱ्याला विद्यापीठाच्या दारावरची गर्दी कमी करायची होती. त्या दिवशी दोघांचं काम एकाच इमारतीत झालं, पण हे दोन हेतू एक नव्हते, आणि पुढेही कधी झाले नाहीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही कॉलेजं वाढली. १९४४च्या जीआय बिलाने परतलेल्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च दिला. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा कॉलेजांचं जाळं देशभर विणावं असं सुचवलं, आणि कम्युनिटी कॉलेज हे नाव रुळलं ते त्याच अहवालाने.

ट्रान्सफरला राज्याच्या धोरणात पक्की जागा मिळाली ती १९६० साली, कॅलिफोर्नियाच्या मास्टर प्लॅनमध्ये. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क कर हे त्याचे प्रमुख शिल्पकार. हायस्कूलमधून बाहेर पडणाऱ्या मुलांतल्या वरच्या आठव्या हिश्श्याला कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या तिसऱ्या हिश्श्याला राज्य महाविद्यालयं (आजचं कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठ) आणि बाकी सगळ्यांना कम्युनिटी कॉलेज, अशी विभागणी ठरली. म्हणजे दर तीन मुलांतल्या दोघांना थेट प्रवेश नाकारला गेला, आणि त्या बदल्यात एक वचन दिलं गेलं : दोन वर्षं इथे चांगली काढा, तिसऱ्या वर्षी तुमच्यासाठी जागा राखलेली असेल. विद्यापीठांनी वरच्या दोन वर्षांत साठ टक्के आणि खालच्या दोन वर्षांत चाळीस टक्के विद्यार्थी ठेवावेत, असं प्रमाणही त्यासाठी ठरवलं.

ट्रान्सफर म्हणजे विद्यार्थ्यावर केलेली मेहेरबानी नव्हे, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. पहिल्या वर्षाला जागा नाकारताना राज्याने केलेला तो सौदा होता. सौद्याची राज्याची बाजू पहिल्याच दिवशी पदरात पडली. विद्यार्थ्याची बाजू दोन वर्षं उधार राहिली.

नेमक्या त्याच वर्षी, त्याच राज्यातून, या सौद्यावर सर्वांत बोचरी टीका झाली. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी सॅन होजेमधल्या ज्युनिअर कॉलेजाचा अभ्यास करून १९६०मध्ये लिहिलं, की ही कॉलेजं मुलांना सरळ नकार देत नाहीत. चाचण्या, समुपदेशन, कमी गुण यांच्या वाटेने त्यांची उमेद हळूहळू थंड करतात, इतकी की शेवटी माघार घेताना मुलाला तो आपलाच निर्णय वाटतो. १९८९मध्ये स्टीव्हन ब्रिंट आणि जेरोम काराबेल यांनी याच धाग्यावर, पदवीचं स्वप्न आडवाटेला कसं लावलं गेलं, याचा इतिहास मांडला.

दुसरी बाजूही तितकीच गंभीरपणे मांडली गेली आहे. ही कॉलेजं नसती तर यातली कितीतरी मुलं विद्यापीठात गेली असती असं नव्हे. ती कुठेच गेली नसती. अर्थशास्त्रज्ञ सिसिलिया राउज यांनी १९९५मध्ये आकडे तपासले, तेव्हा कम्युनिटी कॉलेजांमुळे एकूण शिक्षणाची वर्षं वाढतात आणि पदवी मिळण्याची शक्यता फारशी घटत नाही, असं त्यांना दिसलं. मला दोन्ही बाजूंत तथ्य वाटतं. एरवी कॉलेजला गेलंच नसतं अशा मुलाला या व्यवस्थेने खूप दिलं. पदवी घ्यायचीच म्हणून आलेल्या मुलाला मात्र तिने जे कबूल केलं, ते पुरतं दिलेलं नाही.

मुलं गळतात कुठे

पहिली गळती वर्ग सुरू होण्याआधीच होते. अनेक वर्षं प्रवेशानंतर एक चाचणी असे, आणि तीत कमी पडलेल्या मुलाला गणिताचे किंवा इंग्रजीचे उजळणी वर्ग लावले जात. त्यांना फी पडे, वेळ जाई, क्रेडिट मात्र मिळत नसे. गणितात तीन पायऱ्या खाली ठेवलेल्या मुलांपैकी ही मालिका पुरी करणारी सहातली जेमतेम एक असल्याचं कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राच्या अभ्यासात दिसलं. कितीतरी जण तर पहिल्या वर्गाला फिरकतच नसत. कॅलिफोर्नियाने २०१७च्या कायद्याने ही रीत मोडली : हायस्कूलचे गुण पाहून मुलांना सरळ पदवीच्या विषयात बसवा आणि जोडीला मदतीचा तास द्या. त्यानंतर पहिल्याच सत्रात पदवीचं गणित पार करणाऱ्यांची संख्या खूप वाढली. मुलं आधीही तीच होती.

दुसरी गळती विषय निवडताना होते. कॉलेजात शेकडो विषय असतात आणि त्यांतले नेमके कोणते पुढे मोजले जातील, हे मुलाने स्वतः शोधायचं असतं. काउन्सेलर असतात, पण एकेकाच्या वाट्याला शेकडो विद्यार्थी. शिकवणारे बरेचसे तासावर येणारे, तास संपला की दुसऱ्या कॉलेजकडे धावणारे. ज्या घरात आई-वडील पदवीधर आहेत, तिथे जेवताना कुणीतरी विचारतं, की हा विषय तुझ्या मेजरला चालतो का? ज्या घरातलं मूल पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढतंय, तिथे हा प्रश्न कुणाला सुचतच नाही. थॉमस बेली, शॅना जॅगर्स आणि डेव्हिस जेन्किन्स यांनी २०१५च्या आपल्या पुस्तकात या मांडणीला कॅफेटेरियाची उपमा दिली आणि त्याऐवजी पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत आखलेली वाट हाती द्या, असं सुचवलं. अनेक राज्यांनी आता तो मार्ग धरला आहे.

तिसरी गळती सर्वांत जिव्हारी लागणारी, कारण ती पास झालेल्या मुलांची आहे. अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाने २०१७मध्ये अंदाज दिला, की संस्था बदलताना विद्यार्थी सरासरी ४३ टक्के क्रेडिट गमावतात. यात सगळ्या प्रकारचे बदल धरले आहेत आणि सार्वजनिक कॉलेजातून सार्वजनिक विद्यापीठात जाताना नुकसान कमी होतं. पण ते होतंच. एटीकेटीत विषय राहिला तर तो पुन्हा का द्यायचा, हे मुलाला कळतं. इथे विषय सुटलेला असतो, गुण चांगले असतात, तरी तो पुन्हा घ्यावा लागतो.

याची तऱ्हा समजून घेण्यासारखी आहे. क्रेडिट नाकारलं असं विद्यापीठ क्वचितच म्हणतं. ते म्हणतं, तुमची साठही क्रेडिट घेतली. मग मूल मेजरच्या विभागात जातं, तेव्हा कळतं, की संख्याशास्त्राचा विषय ऐच्छिक म्हणून जमा झालाय. मेजरला जे संख्याशास्त्र लागतं ते इथलंच हवं. खरं घोडं पेंड खातं ते इथे. प्रवेश कचेरी जमा दाखवते, विभाग उधार मागतो, आणि मधली फी भरतो विद्यार्थी. सरकारी पेल अनुदान आयुष्यात बारा सत्रांपुरतंच मिळत असल्याने पुन्हा घेतलेला प्रत्येक विषय त्यातून वजा होतो. डेव्हिड मोनाघन आणि पॉल अटेवेल यांच्या २०१५च्या अभ्यासात, ज्यांची जवळपास सगळी क्रेडिट मोजली गेली त्यांची पदवी मिळण्याची शक्यता, निम्म्याहून जास्त गमावलेल्यांच्या अडीचपट निघाली.

यापुढच्या अडचणी थोडक्यात. विद्यापीठ घरापासून दूर असतं आणि नोकरी, म्हातारे आई-वडील, भाडं सोडून तिथे जाणं प्रत्येकाला जमत नाही. नव्या जागी पहिल्या सत्रात गुण घसरतात. याला ट्रान्सफरचा धक्का म्हणतात आणि १९६०च्या दशकापासून त्याचा अभ्यास चालू आहे; बहुतेक मुलं पुढच्या सत्रांत सावरतात. जॅक केंट कुक फाउंडेशनने २०१९मध्ये निवडक, नामांकित संस्थांतले आकडे पाहिले, तेव्हा कम्युनिटी कॉलेजातून आलेली मुलं हायस्कूलमधून थेट आलेल्यांच्या बरोबरीने किंवा किंचित जास्तच प्रमाणात पदवी घेताना दिसली. मुलं कच्ची असतात, या उत्तराला याहून ठाम प्रत्युत्तर नाही. तरीही प्रिन्स्टन विद्यापीठाने १९९०पासून २०१८पर्यंत एकही ट्रान्सफर विद्यार्थी घेतला नव्हता.

जिथे जमलं

काही राज्यांनी हा प्रश्न बराचसा सोडवला आहे, आणि त्यांच्या रीतीत एक साम्य आहे. फ्लोरिडाने १९७१मध्येच राज्यभराचा करार केला : कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट पदवी असेल, तर राज्याच्या विद्यापीठ व्यवस्थेत तिसऱ्या वर्षाला जागा मिळणार. पाठोपाठ सगळ्या सार्वजनिक संस्थांत विषयांना एकच क्रमांक दिले. क्रमांक एक, तर विषय एक. वादाला जागाच नाही. ओरलँडोतलं व्हॅलेन्शिया कॉलेज आणि सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठ यांनी त्यापुढे जाऊन मुलांना प्रवेशाची हमी पहिल्याच दिवशी द्यायला सुरुवात केली. २०११ साली उत्तम कम्युनिटी कॉलेजसाठीचं पहिलं अ‍ॅस्पेन पारितोषिक व्हॅलेन्शियालाच मिळालं.

कॅलिफोर्नियाला हेच करायला बराच उशीर झाला. २०१०मध्ये गव्हर्नर आर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी सही केलेल्या कायद्याने ट्रान्सफरसाठीची असोसिएट पदवी आणली : ठरलेली साठ युनिटं पुरी करा, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठात जागा नक्की, आणि तिथे आणखी साठ युनिटांत पदवी. श्वार्झनेगर स्वतः ऑस्ट्रियातून आल्यावर सांता मोनिका कॉलेजात शिकले होते. या हमीला मर्यादा आहे : जागा नक्की असते, पण हव्या त्याच आवारात मिळेल असं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाची वेगळी हमी आहे, तीही डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहाच आवारांपुरती. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो तिच्या बाहेर. एक विद्यार्थी, एक राज्य, तरी तयारी दोन वेगळ्या याद्यांप्रमाणे करावी लागे. २०२१च्या कायद्यांनी सर्वसाधारण विषयांची एकच यादी ठरवली, जी २०२५च्या शरद सत्रापासून लागू झाली, आणि कम्युनिटी कॉलेजांना विषयांचे समान क्रमांक ठेवायचं बंधन घातलं. जे फ्लोरिडात १९७०च्या दशकात झालं, ते इथे व्हायला पन्नास वर्षं गेली.

न्यूयॉर्क शहर विद्यापीठाने २००७मध्ये वेगळ्या बाजूने हात घातला. त्यांच्या अ‍ॅसॅप उपक्रमात मुलाने पूर्ण वेळ शिकायचं. बदल्यात अनुदानातून न भागलेली फी, पुस्तकांना मदत, मेट्रोचा पास, आणि मुख्य म्हणजे थोड्याच मुलांची जबाबदारी असलेला, त्यांना वारंवार भेटणारा सल्लागार. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केलेल्या तपासणीत तीन वर्षांत असोसिएट पदवी घेणारे या उपक्रमात ४० टक्के निघाले, बाहेर २२ टक्के. ओहायोतल्या कॉलेजांनी हाच नमुना उचलला, तेव्हा तिथेही प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं.

फ्लोरिडाचा क्रमांक, कॅलिफोर्नियाची हमी, न्यूयॉर्कचा सल्लागार यांत साम्य हे, की मुलाच्या डोक्यावरचं ओझं संस्थेने उचललं. मुलांना आणखी जिद्दीने वागायला सांगून यातला एकही आकडा हललेला नाही.

आपल्या लोकांपर्यंत

सिलिकॉन व्हॅलीत क्युपर्टिनोचं डी अँझा, फ्रीमाँटचं ओलोनी ही कॉलेजं मराठी घरांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. एच-४ व्हिसावर आलेल्या पतीला किंवा पत्नीला शिकायची मुभा असते, नोकरीची सरसकट नसते. अशा कितीजणींचं अडलेलं शिक्षण या वर्गांत पुन्हा सुरू झालं आहे. तिथेच वाढलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र आपल्या घरांत कम्युनिटी कॉलेजचं नाव अजून हळू आवाजात निघतं, जणू मूल कुठेतरी कमी पडलं. मानवी जनुकसंचाच्या वाचनात मोठा वाटा असलेले क्रेग व्हेंटर कॉलेज ऑफ सॅन मटेओमधून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो आवारात गेले. आयलीन कॉलिन्स न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजातून सिरॅक्यूज विद्यापीठात गेल्या आणि १९९९मध्ये स्पेस शटलच्या पहिल्या महिला कमांडर झाल्या. पालकांनी संकोच सोडावा आणि ती ऊर्जा एका कामात घालावी : कॉलेजच्या पहिल्याच सत्रात, जायचं ते विद्यापीठ आणि हवं ते मेजर डोळ्यांसमोर ठेवून विषयांची यादी मुलाबरोबर बसून जुळवावी. कॅलिफोर्नियात कॉलेज आणि विद्यापीठ यांच्या विषयांच्या अशा जोड्या असिस्ट नावाच्या सरकारी संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हमीचा अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात भरायचा असतो. ती तारीख चुकली, तर उत्तम गुणांचाही त्या हमीपुरता उपयोग राहत नाही.

भारतातही हा प्रश्न आता परका नाही. २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर २०२१मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांक (म्हणजे क्रेडिट) बँकेचे नियम आणले. विद्यार्थ्याने कुठेही मिळवलेले श्रेयांक खात्यात जमा व्हावेत आणि ते घेऊन त्याला दुसरीकडे जाता यावं, ही कल्पना चांगली आहे, मला मनापासून हवी आहे. पण अमेरिकेचा शंभर वर्षांचा अनुभव सांगतो, की श्रेयांक जमा होणं वेगळं आणि पुढच्या संस्थेने ते पदवीसाठी मोजणं वेगळं. विषयाचे समान क्रमांक, मेजरपर्यंत पोचणारी लेखी हमी आणि ती पाळली जाते का हे दरवर्षी तपासणारं कुणीतरी, एवढं नसेल, तर खात्यात शिल्लक दिसेल आणि चेक वटणार नाही.

म्हणून राज्याने प्रत्येक विद्यापीठाकडे एक आकडा मागावा आणि तो जाहीर करावा : बाहेरून आलेल्या मुलांनी जितकी क्रेडिट आणली, त्यांतली किती त्यांच्या मेजरमध्ये धरली? ट्रान्सफर विद्यार्थी किती घेतले, हा आकडा सगळेच आनंदाने सांगतात. हा दुसरा सांगायला फारसं कुणी पुढे येत नाही. जोलिएटमध्ये १९०१ साली दोन माणसांनी वेगवेगळ्या कारणांनी एक वाट पाडली आणि तिचा मधला तुकडा मुलांवर सोपवला. शंभरातले चौदा आठ वर्षांनी सोळा झाले, एवढीच प्रगती पुरेशी मानायची नसेल, तर तो तुकडा संस्थांनीच बांधायला हवा. मुलांनी आपल्या वाटणीची दोन वर्षं चालून दाखवलेली आहेत.